गणित येतं, पण मार्क जातात! शिष्यवृत्तीच्या पेपरात पोरांचे गुण नेमके गळतात कुठे?

खेड : शिष्यवृत्तीचा सराव पेपर झाला की तालुक्यातल्या बऱ्याच घरांत संध्याकाळी एकच बोलणं ऐकू येतं. "अगं, हे तर तुला येत होतं ना?" "हो, येत होतं. घाईत चुकलं." मग आई म्हणते, हुशार आहे पण धांदरट आहे. मुंबईहून बाबांचा व्हिडिओ कॉल येतो, तेही तेच म्हणतात. आजी म्हणते, नजर लागली. आणि तिथेच विषय संपतो. पुढच्या पेपरात पुन्हा तसंच होतं.

गणित न येणं आणि येत असून चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे शिकणं. दुसऱ्यावर उपाय म्हणून आपण ओरडतो, आणि ओरडल्याने ते थांबत नाही. धांदरटपणा हा काही पोराचा स्वभाव नसतो. त्याची पेपर जरा नीट उलगडून पाहिला तर चुका ठरलेल्या पाच-सहा जागीच पडलेल्या दिसतात, जशी पाण्याची पाइपलाइन नेहमी जोडावरच गळते.

आधी पेपर समजून घेऊ

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही शिष्यवृत्ती परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. इयत्तेचं काहीही होवो, पोराच्या हातात येणारा पेपर साधारण एकाच घडणीचा असतो.

दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात इंग्रजीचे (किंवा तृतीय भाषेचे) २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, म्हणजे एक पेपर १५० गुणांचा, वेळ दीड तास. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के लागतात. पण पात्र ठरणं वेगळं आणि गुणवत्ता यादीत येऊन पैसे मिळणं वेगळं. यादीत एकेका गुणावर खूप पोरं उभी असतात. पाच प्रश्न नुसत्या घाईत चुकले तर १० गुण गेले, आणि १० गुणांत यादीतला नंबर कुठल्या कुठे जातो.

२०२३-२४ पासून या शिष्यवृत्तीची रक्कम वाढली. पाचवीसाठी वर्षाला ५,००० रुपये, आठवीसाठी ७,५००. पाचवीची तीन वर्षे मिळते, आठवीची दोन वर्षे. आठवीलाच राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती म्हणजे एनएमएमएस असते. तिचे वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी अशी चार वर्षे, म्हणजे ४८,०००. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत. तिथे सहावी ते बारावी राहण्या-जेवणासह शिक्षण, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या पोरांसाठी. नवोदयच्या पेपरात अंकगणिताचे फक्त २० प्रश्न असतात, प्रत्येकी सव्वा गुण, वेळ अर्धा तास. तिथे चार चुका म्हणजे थेट ५ गुण.

दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र बसून शिकलेल्या पोराला शहरातल्या क्लासवाल्या पोराबरोबर याच पेपरात उतरायचं असतं. त्याला जे येतं तेवढं तरी पदरात पडायला हवं.

चुकीचं उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं

पर्यायी प्रश्नांची एक गंमत पालकांना माहीत नसते. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात, पण ते कसेही टाकलेले नसतात. पेपर काढणारा विचार करतो की पोरगं कुठे घाई करेल, आणि घाई केल्यावर जे उत्तर येईल तेच पर्यायात ठेवतो. त्यामुळे "माझं उत्तर पर्यायात आहे म्हणजे बरोबर आहे" हा समज सगळ्यात घातक.

हे उदाहरण बघा. एका बागेत ३५० झाडे आहेत. त्यांपैकी १२८ काजूची, बाकी आंब्याची. काजूपेक्षा आंब्याची झाडे किती जास्त? पर्याय : २२२, ४७८, ९४, १०४.

पोरगं ३५० मधून १२८ वजा करतं. २२२ येतात. पहिलाच पर्याय २२२! आनंदाने गोल रंगवतं आणि पुढे जातं. पण २२२ ही आंब्याची झाडं झाली. विचारलंय काजूपेक्षा किती जास्त. २२२ मधून १२८ गेले की ९४, ते उत्तर. ज्याने बेरीज केली त्याच्यासाठी ४७८ ठेवलंय. ज्याने दुसरी वजाबाकी केली पण हातचा विसरला त्याच्यासाठी १०४. म्हणजे तिन्ही खड्डे आधीच खणून ठेवलेत, वर पालापाचोळा टाकून.

उपाय साधा आहे. प्रश्नातला शेवटचा भाग, म्हणजे नेमकं काय विचारलंय, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. आणि गणित सोडवून झालं की गोल रंगवण्याआधी फक्त ती रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचायची. सगळा प्रश्न वाचायची गरज नाही. तीन सेकंदांचं काम आहे.

काही शब्दांवर तर रेघ मारलीच पाहिजे. "नाही", "चुकीचा पर्याय कोणता", "सर्वांत लहान", "उरलेले", "किती जास्त", "किती पट". शेवटच्या दोनमध्ये पोरं फार गोंधळतात. १२ हे ४ पेक्षा ८ ने जास्त आहेत, पण ४ च्या ३ पट आहेत. पर्यायात ८ पण असतो आणि ३ पण.

मराठी आकड्यांची अडचण

ही गोष्ट आपल्या भाषेची आहे, म्हणून तिच्यावर थोडं जास्त बोललं पाहिजे.

मराठीत आपण २७ ला सत्तावीस म्हणतो. तोंडात आधी सात येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ लिहायचा, मग ७. ज्या पोराच्या डोक्यात गणित वेगाने चाललंय ते तोंडातल्या क्रमाने हात चालवतं आणि ७२ लिहून मोकळं होतं. सत्तेचाळीसचे ७४ होतात, त्रेसष्टचे ३६. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्या वाचायची पद्धत आली, तेव्हा राज्यभर केवढं वादळ उठलं होतं ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान पोरं अडखळतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ती पद्धत कुणाला पटो न पटो, अडचण खरी आहे हे कोणत्याही वाडीवरच्या शाळेत दुसरीच्या वर्गात बसलं की कळतं.

मोठ्या वर्गात ही अडचण जात नाही, लपते. मनातल्या मनात हातचा धरताना पुन्हा डोकं वर काढते. ज्या पोराच्या वहीत असे उलटे आकडे सापडतात त्याने हातचा मनात न ठेवता कागदावर लिहावा. "हुशार पोरं तोंडी करतात" हा मोठेपणा परीक्षेत कामाचा नाही.

एकोणचं कुटुंब वेगळंच. एकोणसाठ म्हणजे ५९, पण घाईत साठ ऐकून ६९ लिहिलं जातं. एकोणनव्वद ८९ आणि नव्व्याण्णव ९९, इथे तर भाषा स्वतःच नियम मोडते.

दुसरं, पाव-सव्वा-पाऊणचं. शेतकऱ्याच्या घरात हे शब्द रोज आहेत, म्हणून आपल्या पोरांना इथे खरं तर फायदा व्हायला हवा. सव्वादोनशे म्हणजे २२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २,५००, पाऊणशे म्हणजे ७५. पण सेमी इंग्रजीत शिकणाऱ्या पोराला "पावणेदोनशे" म्हटलं की ते गप्प बसतं. बाजारात नेऊन हिशोब त्याच्याकडून करून घ्या, पुस्तकापेक्षा लवकर येतं.

तिसरं, शून्यं. "पन्नास लाख चार हजार तीस" अंकात लिही म्हटलं की पोरं शून्य खातात किंवा वाढवतात. ५०,०४,०३० असं स्वल्पविराम देत लिहिलं की रिकामं घर लगेच दिसतं. हजाराच्या घरात दोन आकडे हवेतच, चार हजार असले तरी ०४.

आणि चौथं, अंकांच्या दोन लिप्या. मराठीतला एक हा इंग्रजीतल्या नऊसारखा दिसतो. मराठी चार इंग्रजी आठसारखा, मराठी सात इंग्रजी सहाच्या आरशातल्या प्रतिमेसारखा. पोरगं कच्च्या कामात अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी लिहीत असेल तर स्वतःचंच लिहिलेलं स्वतःच चुकीचं वाचतं. एकच लिपी ठरवा आणि कच्च्या कामात तीच वापरायला लावा. बैठक क्रमांक मात्र जसा छापलाय तसाच उतरवायचा.

एककं : इथे नासाही घसरली

२३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचलं आणि नष्ट झालं. कारण काय, तर एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशोबात आकडे देत होतं आणि दुसऱ्या बाजूचे लोक ते न्यूटनच्या हिशोबातले समजत होते. जगातले नावाजलेले इंजिनिअर, आणि चूक पाचवीच्या पोराची.

तेव्हा एककांच्या चुकीवर पोराला मूर्ख म्हणायचं काही कारण नाही. फक्त सवय लावायची. एका वाफ्याची लांबी ४० मीटर, रुंदी २५० सेंटिमीटर, क्षेत्रफळ किती? ४० गुणिले २५० बरोबर १०,०००, असं उत्तर पर्यायात असतंच. खरं उत्तर १०० चौरस मीटर, कारण २५० सेंटिमीटर म्हणजे अडीच मीटर. (आणि १०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर, हे पोराला सांगितलं तर ते कधी विसरणार नाही.) गणिताला हात घालण्याआधी सगळी एककं एकसारखी करून वर लिहायची, मग पुढे.

वेळेच्या गणितात तर हमखास गुण जातात. बस सकाळी ९.४५ ला सुटली, दुपारी १.२० ला पोहोचली. प्रवास किती वेळ? पोरगं १३.२० मधून ९.४५ वजा करतं, ३.७५ येतात. मग ३ तास ७५ मिनिटं, म्हणजे ४ तास १५ मिनिटं! हा पर्याय छापलेला असतो. तासात ६० मिनिटं असतात, १०० नाही, हे पोराला माहीत असतं, पण टिंब दिसलं की हात दशांशाचं गणित करतो. त्यापेक्षा पायऱ्या मोजाव्यात : ९.४५ ते १२.४५ तीन तास, तिथून १.२० पर्यंत ३५ मिनिटं. ३ तास ३५ मिनिटं.

डझन, ग्रोस, दस्ता, रीम ही कोष्टकं शिष्यवृत्तीत विचारली जातात. १२ नग म्हणजे डझन, १२ डझन म्हणजे ग्रोस, १४४ नग. २४ कागद म्हणजे दस्ता, २० दस्ते म्हणजे रीम, ४८० कागद. इथे घरचे लोकच पोराला चुकवतात. झेरॉक्सच्या दुकानातलं ए-फोर कागदाचं पुडकं ५०० चं असतं, म्हणून बाबा सांगतात रीम म्हणजे ५००. बाबांचं बाजारात बरोबर आहे, परीक्षेत कोष्टकाचं ४८० च चालतं.

खांबांचं गणित शेतकऱ्याच्या पोराचं तर चुकायलाच नको. १०० मीटर सरळ बांधावर दर ५ मीटरवर खांब पुरायचे, दोन्ही टोकांना खांब हवा. किती खांब? १०० भागिले ५, २०. चूक. २० गाळे झाले, खांब २१ लागतात. पण तेच १०० मीटरचं कुंपण विहिरीभोवती गोल असेल तर खांब २० च. संशय आला तर कच्च्या कामात लहान चित्र काढायचं, १० मीटरचं. ५ वर एक, १० वर एक, शून्यावर एक. तीन खांब, दोन गाळे. झालं.

कंचेभागुबेव आणि त्यातली खोच

पदावलीचं गणित सोडवायला शाळेत "कंचेभागुबेव" पाठ करून घेतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. उपयोगी सूत्र आहे. १८ − ६ ÷ ३ × २ यात आधी ६ ÷ ३ = २, मग २ × २ = ४, मग १८ − ४ = १४. डावीकडून नुसतं सुटत गेलेलं पोरगं ८ आणतं, आधी गुणाकार करणारं १७ आणतं.

पण सूत्राचा क्रम जसाच्या तसा धरला तर एका जागी फसगत होते. २० − ८ + ५ किती? सूत्रात बेरीज आधी म्हणून पोरगं ८ + ५ = १३ करतं आणि २० − १३ = ७ लिहितं. बरोबर उत्तर १७. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. ही चूक निष्काळजीपणाची वाटते, पण पोराने तर पाठ केलेलं प्रामाणिकपणे वापरलेलं असतं. त्याला कुणी एवढंच सांगितलेलं नसतं.

आठवीच्या पोरांचे गुण उणे चिन्ह खातं. ७ − २(x − ३) सोडवताना कंसाबाहेरचा उणे आतल्या दोन्ही पदांना लागतो, उत्तर १३ − २x. घाईत १ − २x होतं. −३ चा वर्ग कंसात असेल तर ९, आणि कंस नसेल तर −९. आठवीच्या परीक्षेची आणखी एक खास गोष्ट अनेक घरांत माहीतच नसते. तिथे काही प्रश्नांना, जास्तीत जास्त २० टक्के, चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात. दोन्ही गोल रंगवले तरच गुण, एकच रंगवला तर शून्य. प्रश्नातच "दोन अचूक पर्याय निवडा" अशी सूचना असते. सूचना न वाचणारं पोरगं उत्तर येऊनही गुण घालवतं.

गोल रंगवताना

वहीत गणित बरोबर सुटलं, प्रश्नपत्रिकेवर बरोबर खूण झाली, आणि उत्तरपत्रिकेत गोल चुकला, तर तपासणारं यंत्र दया दाखवत नाही. सगळ्यात वाईट अपघात म्हणजे ओळ सरकणं. २३ वा प्रश्न अवघड म्हणून सोडला, २४ वा सोडवला आणि उत्तर २३ च्या ओळीत रंगवलं. तिथून पुढे सगळी गाडी एक डबा मागे. लक्षात येतं तेव्हा ७५ वा प्रश्न संपलेला असतो आणि खाली एक ओळ रिकामी उरलेली असते. पेनने रंगवलेलं खोडता येत नाही.

यावर उपाय दोन. एक, गोल रंगवताना मनात आकडा म्हणायचा, "चोवीस, तीन". दुसरा, एका पानावरचे प्रश्न सोडवून प्रश्नपत्रिकेवर खूण करायची आणि पान उलटण्याआधी त्या पानाचे गोल रंगवायचे, शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक ताडायचा. सगळे गोल शेवटी एकदम रंगवण्याची सवय काही ठिकाणी लावतात. ती धोक्याची आहे. शेवटची पाच मिनिटं उरल्याची घंटा होते, हात थरथरतो, आणि येत असलेले २० प्रश्न कोरे राहतात.

घरी मात्र बहुतेक पोरं वहीत "१-अ, २-क" असं लिहून सराव करतात आणि गोल पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच बघतात. तालुक्याच्या ठिकाणी उत्तरपत्रिकेच्या नमुन्याची झेरॉक्स मिळते. दहा-वीस प्रती आणून प्रत्येक सराव पेपर तिच्यावरच सोडवून घ्यावा, घड्याळ लावून, बॉलपेनने. प्रश्नपत्रिकेचा संच आणि उत्तरपत्रिकेवरचा संच एकच आहे ना, हेही पहिल्याच मिनिटाला बघण्याची सवय लागते.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नवोदयलाही नाही. तेव्हा शेवटी एकही ओळ कोरी ठेवायची नाही.

दीड तासाचा हिशोब

९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. भाषेचे २५ प्रश्न साधारण २५ मिनिटांत होतात. गणिताच्या ५० ला ५५ मिनिटं धरली तर शेवटी १० मिनिटं तपासायला उरतात. पेपरात सोपे, मध्यम, कठीण असे सगळे प्रश्न मिसळलेले असतात, आणि कठीण प्रश्नालाही गुण दोनच. एखाद्या प्रश्नावर दोन मिनिटं गेली आणि सुटला नाही तर त्याच्यापुढे फुली मारून पुढे जायचं. अडून बसलेलं पोरगं पुढचे दहा सोपे प्रश्न घाईत चुकवतं, खरं नुकसान तिथे होतं. चिखलात रुतलेल्या टेम्पोला एकट्याने ढकलत बसण्यासारखं आहे ते.

कच्चं काम कोपऱ्यात, एकावर एक, आकडे तिरके, हे चालणार नाही. प्रश्नाच्या जवळच्या मोकळ्या जागेत, बाजूला क्रमांक घालून, एकं खाली एकं आणि दशक खाली दशक. मग तपासताना पुन्हा सगळं करावं लागत नाही.

तपासायचं कसं, हेही शिकवावं लागतं. त्याच वाटेने पुन्हा गेलं की तीच चूक पुन्हा होते, डोळ्यालाही ती दिसत नाही. म्हणून उलट वाटेने यायचं. ५००३ − १८६७ = ३१३६ आलं तर ३१३६ मध्ये १८६७ मिळवून ५००३ येतात का बघायचं. (मधली शून्यं बघून घाबरलेली पोरं मोठ्यातून लहान वजा करत ४८६४ आणतात.) समीकरण असेल तर उत्तर मूळ प्रश्नात घालून बघायचं.

गुणाकारासाठी जुनी नवाची कसोटी आजही कामाची आहे. ३४८ × २६ = ९०४८ आलंय. ३४८ चे अंक मिळवा : १५, पुन्हा मिळवा : ६. २६ चे ८. सहा आठे अठ्ठेचाळीस, ४ आणि ८ बारा, १ आणि २ तीन. आता ९०४८ चे अंक : २१, म्हणजे ३. दोन्हीकडे ३, जुळलं. जुळलं नाही तर चूक नक्की. मात्र ९४०८ असे आकडे मागेपुढे झाले असतील तर ही कसोटी ते पकडत नाही. म्हणून सोबत अंदाजही हवा. ३५० × २६ म्हणजे ९,१००, उत्तर त्याच्या थोडं खाली हवं. ९,४०८ वर आहे, म्हणजे गडबड.

चुकांची वही

सराव पेपर तपासून वर १५० पैकी ११२ लिहिलं आणि ठेवून दिला, तर त्या पेपरचा अर्धा उपयोग वाया गेला. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवावा आणि समोर कारण लिहावं. येतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, एकक चुकलं, गोल चुकला. कारण पोरानेच शोधायचं, आई-बाबांनी नाही. चार-पाच पेपर झाले की वहीच सांगते गळती कुठे आहे. एखाद्याच्या वहीत दहापैकी सात वेळा "प्रश्न नीट वाचला नाही" निघतं. त्याला आणखी गणितं सोडवायला लावून उपयोग नाही, त्याला रेघ मारायची सवय हवी. दुसऱ्याच्या वहीत सगळ्या चुका शेवटच्या वीस प्रश्नांत निघतात. त्याचा प्रश्न वेळेचा आहे.

हे करायला पालकाला गणित येण्याची गरज नाही. सातवी शिकलेली आई किंवा मुंबईत कामावर असलेले बाबा फोनवरसुद्धा विचारू शकतात, "आज वहीत काय लिहिलंस?" परिषदेच्या संकेतस्थळावर परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची येते, जुन्या प्रश्नपत्रिकाही मोबाइलवर मिळतात. तेवढ्यावर सराव होतो, महागडी गाइड घ्यायलाच हवीत असं नाही.

परीक्षेसाठी पायपीट करणं या तालुक्याला नवं नाही. खेड तालुक्यातल्या शेरवलीत १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे तरुणपणी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला शंभर मैलांहून जास्त चालत गेले होते. तिथे साहेबाने अंगकाठी पाहून वय कमी दिसतं म्हणत त्यांना परत पाठवलं. पुढे हेच कर्वे १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते, आणि विषय होता गणित. शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकावर आले आणि रँग्लर परांजपे झाले. तेव्हा कोकणातल्या पोरांना गणित जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा.

आता परीक्षेच्या दिवसाचं. दूरच्या वाडीवरून पहिली एसटी पकडून आलेलं पोरगं पहाटेपासून उठलेलं असतं. काळजीने डोकं भरलं की गणितासाठी डोक्यात जागा कमी उरते, म्हणून सकाळी नवीन काही वाचायला लावू नये. प्रवेशपत्र, दोन चालू बॉलपेन, पाण्याची बाटली आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवावी. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत केंद्राच्या गेटबाहेर सगळे पालक डबे घेऊन उभे असतात आणि पोरं बाहेर आली की एकच घोळका होतो, सत्तेचाळीसावं काय आलं, पन्नासावं काय आलं. पहिला पेपर तेव्हा जमा झालेला असतो, त्यातलं काही बदलत नाही. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न अजून यायचे असतात. पोराला घोळक्यातून बाजूला घ्यावं, सावलीत बसवून दोन घास खायला द्यावेत आणि "किती सुटले?" ऐवजी "पाणी प्यायलास का?" एवढंच विचारावं.